बाळाच्या वाटीतली साखर

२०१५ च्या जूनमध्ये आमच्याकडे पावसाची बेगमी भरायची घाई चालली होती, आणि त्याच आठवड्यात, शिसं सापडल्याच्या बातमीने, मालवणच्या बाजारातून मॅगी गायब झाली. दुकानदारांनी पाकिटं गोणत्यात भरून मागच्या खोलीत टाकली. माझा फोन मात्र दिवसभर वाजत राहिला. मी तेव्हा उपकेंद्रावर आरोग्य सेविका होते. गावातल्या आया विचारत होत्या, "सिस्टर, पोरग्यान काल रातीच खाल्ल्यान, आता काय होतला?" शिसं पोटात गेलं तर काय होतं, रक्त तपासायला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं लागेल का, दुसऱ्या कंपनीच्या शेवया चालतील का. घाबरलेल्या आईला धीर देणं हे माझं कामच होतं, म्हणून प्रत्येकीशी बोलले.

नऊ वर्षांनी, २०२४ च्या एप्रिलमध्ये, मॅगी बनवणाऱ्या त्याच कंपनीबद्दल दुसरी बातमी आली. नेस्ले भारतात सेरेलॅक हे जे बाळाचं तयार खाणं विकते त्यात साखर घातलेली असते, आणि स्वित्झर्लंड, जर्मनी, ब्रिटन इथल्या तशाच पदार्थात ती नसते. ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत आली, टीव्हीवर आली. मी तोवर निवृत्त झाले होते, पण माझा नंबर बदललेला नाही. लसीची तारीख विचारायला बायका अजून मलाच फोन करतात. या साखरेबद्दल विचारायला एकीचाही फोन आला नाही. हे असं का झालं, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे.

मॅगीचं पुढे काय झालं ते बहुतेकांच्या लक्षात नाही. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या नमुन्यात दहा लाखांत १७.२ भाग शिसं निघालं, मर्यादा २.५ ची होती, आणि पाकिटावर 'नो ॲडेड एमएसजी' छापलेलं असताना आत एमएसजी, म्हणजे चव वाढवणारं अजिनोमोटो, सापडलं. ५ जून २०१५ ला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने माल परत मागवायला लावला. गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने डिचोलीच्या कारखान्यातला माल तपासून घेतला, तो ठीक निघाला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नाही आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना तशी मान्यता नव्हती, ही त्यामागची कारणं. मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथल्या प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, शिसं मर्यादेच्या आत निघालं, आणि नोव्हेंबरात मॅगी पुन्हा दुकानात आली. तोवर कंपनीने ३० हजार टनांहून जास्त माल जाळून नष्ट केला होता. केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे ६४० कोटींचा दावा लावला होता, तो २०२४ च्या एप्रिलमध्ये फेटाळला गेला. साखरेची बातमी आली तोच हा महिना.

म्हणजे ज्या गोष्टीवरून आपण रान उठवलं ती फेरतपासणीत टिकली नाही. जी गोष्ट कंपनीलाही नाकारता आली नाही, तिच्यावर आपण गप्प बसलो. मला वाटतं, खाण्याच्या कंपनीची नीती मोजायचं आपलं मापच चुकलं आहे. आत विष सापडलं तर कंपनी वाईट, सापडलं नाही तर चांगली, इतकंच आपण बघतो. खरा प्रश्न असा आहे की कंपनी आपल्या शेजारच्या मुलाला जे देते तेच ती माझ्या गावातल्या मुलाला देते का. तो प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही.

पब्लिक आय ही स्विस संस्था आणि इब्फान हे बालआहारावर काम करणारं जाळं, या दोघांनी मिळून साखरेची ती तपासणी केली होती. भारतातल्या सेरेलॅकच्या एका वाटीत सरासरी २.७ ग्रॅम घातलेली साखर निघाली. दिवसाला दोन वाट्या धरल्या तर महिन्याला दीडशे ग्रॅमच्या वर जाते, आणि हे सहा महिन्यांच्या, अजून दात न फुटलेल्या बाळाच्या पोटात. फिलिपाइन्समध्ये एका वाटीत ७.३ ग्रॅम निघाली आणि तिथे पाकिटावर तसं लिहिलेलंही नव्हतं. आपल्याकडे ती साखर पाकिटावर छापलेली होती, हे कंपनीच्या बाजूने सांगायलाच हवं. आणि इथले नियम बाळाच्या आहारात साखर घालू देतात, त्यामुळे कायदाही मोडला गेला नव्हता. कंपनीचं म्हणणं होतं की गेल्या पाच वर्षांत तिने अशी साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे. त्याच वर्षी तिने भारतात साखर न घातलेले प्रकार आणत असल्याचंही जाहीर केलं. ते ऐकून मला बरं वाटलं आणि रागही आला. साखरेशिवाय करता येत होतं. स्विस बाळासाठी ते आधीपासून करत होते. आपल्या बाळासाठी करायला एका बाहेरच्या संस्थेला डबे विकत घेऊन ते तपासावे लागले.

या कंपनीचा जन्म मुळात मुलं वाचवण्यातून झाला आहे, म्हणून हे जास्त लागतं. हेन्री नेस्ले हा मूळचा फ्रँकफर्टचा, औषधांच्या धंद्यात शिकलेला माणूस जिनिव्हा सरोवराकाठी वेवे या गावात स्थायिक झाला होता. त्या काळी युरोपातही तान्ही मुलं जुलाब-ओकाऱ्यांनी पटापट जात. १८६७ मध्ये त्याने गाईचं दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची भुकटी तयार केली. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेलं, काहीच पचत नसलेलं एक मूल त्या भुकटीवर जगलं, ही बातमी पसरली आणि मागणी वाढत गेली. १८७५ मध्ये त्याने कंपनी विकून टाकली. आटीव दुधाचा धंदा करणाऱ्या पेज बंधूंची कंपनी आणि ही कंपनी १९०५ मध्ये एक झाल्या. त्या माणसाच्या हेतूवर मी शंका घेत नाही. आई बाळंतपणात गेली, मूल दत्तक घेतलं, आईला काही औषधं चालू आहेत, अशा वेळी डब्याचं दूध लागतंच, आणि मी स्वतः ते लिहून घेतलेलं आहे. गरजेच्या वेळी ते औषध आहे. पण औषध गरज नसलेल्या माणसाला विकायला निघालं की त्याचं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

सत्त्याण्णव किंवा अठ्ठ्याण्णव सालचा श्रावण असेल. नोकरीला लागून मला सहा-सात वर्षं झाली होती. खाडीच्या बाजूच्या एका वाडीत तीन महिन्यांचं बाळ जुलाबाने मलूल पडलंय असा निरोप आला. गेले तर टाळू खोल गेलेली, डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जाते. आई वीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा ट्रॉलरवर खलाशी होता, आणि पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून बोटी पुन्हा समुद्रात गेल्या होत्या. "दूध पुरणा नाय, म्हणून वरचा लावला," ती म्हणाली. मांडणीवर डबा होता. सासू अभिमानाने म्हणाली, "डबो मुंबयसून इलो हा." चाकरमान्याने मे महिन्यात आणून दिलेला. कंपनी कुठली, ते सांगत नाही. कुठलाही डबा असता तरी तेच झालं असतं.

मी बाटली हातात घेतली. बुचाच्या आतल्या कडेला दुधाचं पिवळट कडं धरलं होतं. बाटलीत दूध होतं, पण इतकं पातळ की पलीकडची चूल दिसत होती. डब्यावर इंग्रजी आणि हिंदीत लिहिलं होतं की ३० मिली उकळून गार केलेल्या पाण्याला एक सपाट चमचा. ती पूर्ण भरलेल्या बाटलीला दोन चमचे घालत होती. आठ घालायला हवे होते. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, पुढचा डबा गणपतीला येणार. तोवर हा पुरवायचा होता. पाणी विहिरीचं, पावसात जांभ्याच्या मातीने लालसर झालेलं. फडक्यातून गाळून घेतलेलं, पण उकळलेलं नाही, कारण पावसात चूल पेटवायला सुकी लाकडं किती आहेत ते घरातली बाईच जाणते.

जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजत आम्ही बाळाला एसटीने ग्रामीण रुग्णालयात नेलं. मूल वाचलं. आईचं दूध परत आणायला मात्र तीन आठवडे लागले. दर दोन तासांनी बाळाला अंगावर लावायचं, रात्रीही लावायचं, तिला पेज, आळीव, पोटभर जेवण द्यायचं, आणि सासूला रोज जाऊन सांगायचं की पान्हा आटला असला तरी संपलेला नाही. पान्हा मागणीवर चालतो. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं. बाटली सुरू झाली की ओढणं कमी होतं, दूध कमी होतं, मग आई म्हणते पुरत नाही, आणि बाटली वाढते. हे चक्र दुधाच्या कंपन्यांना माझ्याआधी कितीतरी वर्षं ठाऊक होतं. १९६० नंतर श्रीमंत देशांत जन्म कमी होऊ लागले तेव्हा या कंपन्या आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेकडे वळल्या. नर्सचा पांढरा गणवेश घातलेल्या विक्रेत्या बाया बाळंतिणींच्या खाटेपाशी जात आणि फुकट डबा देत. तो डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असे. पुढचा डबा विकत घ्यावा लागे.

याची सूचना फार आधी मिळाली होती. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात भाषण केलं. आईच्या दुधाऐवजी गोड आटीव दूध पाजलेली मुलं त्या आपल्या वॉर्डात रोज मरताना बघत होत्या. चुकीच्या प्रचाराने होणारे हे मृत्यू खून समजले जावेत, असं त्यांनी धंदेवाल्या श्रोत्यांसमोर सांगितलं. पुढची पस्तीस वर्षं फारसं काही हललं नाही. १९७४ मध्ये वॉर ऑन वाँट या ब्रिटिश संस्थेने या विषयावर पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने ती जर्मनमध्ये आणताना नेस्ले मुलं मारते असं शीर्षक दिलं. कंपनीने अब्रूनुकसानीचा खटला भरला. १९७६ मध्ये बर्नच्या न्यायालयाने शीर्षकाबद्दल त्या कार्यकर्त्यांना दंड केला, तीनशे फ्रँक प्रत्येकी, आणि त्याच वेळी कंपनीने आपल्या जाहिरातीच्या पद्धतीचा मुळापासून फेरविचार करावा असं बजावलं. कंपनी खटला जिंकली आणि जगभर तिच्या नावाची चर्चा झाली. पुढच्या वर्षी अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला.

१९७८ मध्ये अमेरिकी सिनेटर एडवर्ड केनेडींपुढे सुनावणी झाली. जिथे पाणी शुद्ध नाही तिथे तुमचं उत्पादन वापरलं जाऊ नये ना, असं त्यांनी नेस्लेच्या ब्राझीलमधल्या प्रमुखाला विचारलं. ती जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. हे वाचलं तेव्हा मला ती लालसर पाण्याची बाटली आठवली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यावाड्यांत टँकर येतो. पाणी आमच्याकडे एकतर गढूळ असतं नाहीतर नसतं. ज्या मालाचं अर्धं काम पाण्यावर चालतं तो विकणाऱ्याने म्हणायचं की पाणी माझ्या हातात नाही! पाणी तुमच्या हातात नसेल, पण डबा कुठे पाठवायचा हे तर तुमच्याच हातात होतं.

१९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने बाळाच्या दुधाच्या विक्रीवर आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली, ११८ विरुद्ध १ मतांनी. ते एक मत अमेरिकेचं होतं. भारताने आधी १९८३ मध्ये आपली राष्ट्रीय संहिता केली आणि मग १९९२ मध्ये कायदाच केला, १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झालेला. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळाच्या दुधाची, खाण्याची किंवा बाटलीची जाहिरात करायची नाही. फुकट नमुने द्यायचे नाहीत, भांडी किंवा इतर वस्तू भेट द्यायच्या नाहीत, डॉक्टरांना काही द्यायचं नाही, त्यांची अधिवेशनं पुरस्कृत करायची नाहीत. तुम्ही दुकानात जाऊन बघा, बाळाच्या दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र नसतं. टूथपेस्टपासून साबणापर्यंत सगळ्यांवर गोड बाळं असतात, आणि बाळासाठीच्या डब्यावर नसतात, कारण कायद्याने ती छापायची बंदी आहे. आमच्या पिढीने हे आपोआप घडलं असं गृहीत धरलं. गुटगुटीत बाळ स्पर्धा आणि 'ग्लॅक्सो बेबी' हा कौतुकाचा शब्द ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे की आधी काय होतं.

हा कायदा कामाला आला कारण काही माणसांनी तो वापरला. मुंबईच्या एकॅश या ग्राहक संस्थेने १९९४ मध्ये याच कायद्याखाली नेस्लेविरुद्ध न्यायालयात तक्रार नेली. एकॅश आणि बीपीएनआय (स्तनपानाचा प्रसार करणारं देशातलं जाळं) यांसारख्या संस्थांना सरकारने तक्रार करण्याचा अधिकारच दिला आहे. पहिले सहा महिने केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात २००५-०६ मध्ये ४६ टक्के होतं, ते २०१९-२१ पर्यंत ६४ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय कायद्याला नाही, आशाताई आणि अंगणवाडी सेविकांचं त्यात मोठं काम आहे. पण ज्या देशांत असा कायदा नाही तिथल्या आरोग्य सेविकेला समोर काय झेलावं लागतं ते मला कळतं. आणि आपल्याकडेही सगळं झालेलं नाही. त्याच पाहणीत जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि पहिल्या तासात अंगावर लावलेली बाळं फक्त ४२ टक्के आहेत. दवाखान्यात इतक्या जवळ डॉक्टर, नर्स, सगळे असताना पहिला तास कुठे जातो? मी एका खाजगी प्रसूतिगृहातून घरी पाठवलेल्या बाईचा कागद पाहिलेला आहे. औषधांच्या यादीत सर्वांत खाली, हाताने, एका डब्याचं नाव लिहिलेलं. बाळाचं वजन चांगलं होतं, आईला ताप नव्हता, दुधाची अडचण नव्हती. विचारलं तर म्हणाली, डॉक्टरांनी लिहिलं म्हणून आणला.

माझ्याशी वाद घालणारे दोन गोष्टी सांगतात, आणि दोन्हींना वजन आहे. एक म्हणजे पोटापाण्याची. फोंडा आणि डिचोलीत नेस्लेचे कारखाने नव्वदच्या दशकापासून आहेत. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडची पोरं गोव्याच्या कारखान्यांत रोज जातात, आणि २०१५ मध्ये मॅगी थांबली तेव्हा त्यांच्या घरी काय झालं असेल ते समजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मी कारखाना बंद करा म्हणत नाही. त्याच कारखान्यांत बिनसाखरेचा माल बनू शकतो. नोकरी त्यानेही टिकते.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. म्हणतात, आपण घरी तरी काय करतो? नाचणीच्या सत्त्वात साखर घालतोच की. हे खरं आहे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सुकवून, दळून, पाण्यात कालवून पातळ फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका उन्हात वाळवायचा. आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीच्या घरी हे होतं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. मग ते शिजवताना सासू चमचाभर साखर घालते, कारण बाळ आवडीने खातं. जन्मल्या-जन्मल्या मध चाटवणं, गुटी, तीही आमचीच, आणि मी तीस वर्षं त्यांच्याविरुद्धच बोलत आले. नुसत्या सत्त्वावर मूल ठेवणंही बरोबर नाही. गाळण्यात बरंच काही निघून जातं आणि सहा महिन्यांनंतर बाळाला लोह हवं असतं, ते सत्त्वात पुरेसं नाही. कंपनीच्या डब्यात लोह घातलेलं असतं, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. म्हणून मी खिमट सांगते. तांदूळ आणि मूगडाळ भाजून भरड काढायची, मऊ शिजवायची, वर तूप, पुढे अंड्याचा बलक, काटे नीट काढलेला मासा. साखर नको, मीठही पहिल्या वर्षी नको. पण घरातली सासू आणि वेवेची कंपनी यांत एक फरक आहेच. सासूला माहीत नसतं, आणि ती नातवाला देते तेच स्वतःच्या मुलीच्या मुलालाही देते. कंपनीला माहीत होतं, आणि ती दोन मुलांसाठी दोन डबे बनवत होती.

आणि जी आई डबा घेते तिला मी कधीच दोष देत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजारात मासळी विकणारी, काजूच्या कारखान्यात बी फोडणारी, आंब्याच्या हंगामात पेट्या भरणारी बाई महिना-दीड महिन्यात कामावर येते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती संघटित नोकरीत. काजू फोडणाऱ्या बाईला सहा महिने घरी बसायला कोण पैसे देतं? मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये येतात, तेही हप्त्यांनी. बाळाला जवळ ठेवायला कामाच्या ठिकाणी जागा नाही, पाळणाघर नाही. कंपन्यांनी ही गरज निर्माण केलेली नाही. आपण तिच्याकडे पाठ फिरवली आणि त्यांनी तिथे दुकान मांडलं. सेरेलॅकवरचा राग खरा असेल तर तो काजूच्या कारखान्याच्या मालकाला पाळणाघर मागण्यापर्यंत गेला पाहिजे.

कंपनीकडून मला जे हवं आहे ते एका वाक्यात सांगता येतं: सर्वांत कडक नियमाच्या देशात बाळासाठी जे विकता तेच इथे विका. ही मागणी बाळाच्या आहारापुरतीच मी करते, कारण त्या वयाच्या ग्राहकाला निवड नसते. २०२१ मध्ये फायनान्शियल टाइम्सने नेस्लेचा एक अंतर्गत कागद बाहेर आणला. तिच्या मुख्य खाद्यपेयांपैकी साठ टक्क्यांहून जास्त उत्पादनं आरोग्यदायी म्हणता येत नाहीत, असं त्यात तिचंच म्हणणं होतं. मोठ्या माणसाने चॉकलेट खावं की नाही ते त्याचं तो बघेल. सरकारकडून हवं आहे ते असं की दोन वर्षांखालच्या आहाराच्या मानकातून घातलेली साखर काढून टाका. कंपनीची चांगली बुद्धी एका वर्षी येते, दुसऱ्या वर्षी जाऊ शकते. मानकात आलं की नेस्लेला लागू होईल, आणि नाव न गाजलेल्या, कुणी कधी न तपासलेल्या लहान कंपन्यांनाही लागू होईल. आणि कायद्यातला पाच हजारांचा कमाल दंड वाढवा. तीन वर्षांच्या शिक्षेची तरतूद आहे, पण दंडाचा आकडा कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कुणालाही जाणवणारा नाही.

गेल्या महिन्यात नातवाच्या पायाला लागलं म्हणून मलमपट्टीचं सामान आणायला औषधाच्या दुकानात गेले. गल्ल्याशेजारी बाळाच्या खाण्याचे डबे रचलेले होते आणि त्यांच्यावर हाताने लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड: दोन घ्या, वाटी-चमचा फ्री. दुकानदार माझ्या ओळखीचा, त्याच्या दोन्ही मुलांना मीच लस टोचलेली. मी म्हटलं, हे कायद्यात बसत नाही. तो म्हणाला, "काय बोलतंस? एजंट देऊन गेलो." त्याला खरंच माहीत नव्हतं. घरी जाऊन १९९२ च्या कायद्याची प्रत घेऊन आले, जिथे भांडी भेट देण्याबद्दल लिहिलंय त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने दोनदा वाचलं, कार्ड काढून गल्ल्यात टाकलं, आणि मग विचारलं की याची झेरॉक्स मिळेल का, मेव्हण्याचंही कणकवलीत दुकान आहे.